जुन्या संगणकाचा खोडवा

उसाच्या पट्ट्यात जुन्या वस्तूचा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. त्याआधीचे काही महिने कारखान्यात ओव्हरहॉलिंगचे काम चाललेले असते. मिलचे रोलर उतरवतात, झिजलेला भाग भरून घेतात, बेअरिंग बदलतात आणि तेच यंत्र पुन्हा गाळपाला उभे राहते. यंत्र वीस वर्षांचे झाले एवढ्याच कारणाने ते भंगारात काढा, असे कोणी म्हणत नाही. शेतातही हाच न्याय आहे. लागणीचा ऊस तुटून गेला की बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत ठेवायचे आणि त्याच मुळांवर खोडवा घ्यायचा. बेण्याचा आणि पूर्वमशागतीचा खर्च वाचतो.

चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कारखान्यामुळे माळशिरस तालुक्यातील श्रीपूरचे नाव सर्वदूर गेले. शेजारी माळीनगर, पलीकडे अकलूज. सगळा मुलूख यंत्र दुरुस्त करून वापरणाऱ्यांचा. याच मुलखात शाळेत, पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात टेबलावर ठेवलेल्या संगणकाला मात्र हा न्याय लागू होत नाही. पडदा स्वच्छ आहे, कीबोर्डची अक्षरे थोडी पुसली असली तरी कळा दाबल्या जातात, पंखा फिरतो. आणि तरी एके दिवशी सांगितले जाते, 'हा आता जुना झाला. यावर नवीन काही चालणार नाही.'

यंत्र शाबूत असताना ते जुने झाले, हे ठरवतो कोण? आणि त्यावर दुसरी कार्यकारी प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ऑपरेटिंग सिस्टीम, बसवून ते पुन्हा कामाला लावता येत असेल, तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे ते सर्रास का झाले नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना लक्षात येते की अडचण यंत्राची फारशी कधीच नव्हती. ती आधी अक्षरांची होती आणि नंतर शिकवणुकीची. पहिली आता जवळजवळ संपली आहे. दुसरी अजून आपल्या दारात उभी आहे.

यंत्राचे वय आणि प्रणालीचे वय

संगणकाला दोन वये असतात. एक यंत्राचे: हार्ड डिस्क किती फिरली, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगले का, मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली का. हे वय हळूहळू वाढते आणि त्यावर उपाय बाजारात मिळतो. दुसरे वय प्रणालीचे, आणि ते एका तारखेला संपते. विंडोज ९८ चे ११ जुलै २००६ रोजी संपले. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा सांभाळ थांबला. विंडोज ७ ची तारीख १४ जानेवारी २०२० होती, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५.

त्या तारखेनंतर संगणक बंद पडत नाही. सकाळी बटण दाबले की तो सुरू होतो, बिले निघतात, पत्रे छापली जातात. थांबतो तो सुरक्षा दुरुस्त्यांचा नेहमीचा पुरवठा. प्रणालीत नंतर सापडणारी भोके बुजवली जात नाहीत. याचा अर्थ काय होतो ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दुरुस्ती न झालेल्या लाखो संगणकांत शिरकाव केला आणि मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सांभाळ थांबवलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात विंडोजमधल्या त्याच भोकाचा आधार घेऊन पसरलेल्या दुसऱ्या हल्ल्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले.

विंडोज ११ च्या वेळी या दोन वयांमधले अंतर फार वाढले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीने चार जीबी रॅम मागितली, ती बहुतेकांकडे होती. पण तिने टीपीएम २.० ही सुरक्षेची चीप मागितली आणि प्रोसेसर ठरावीक यादीतलाच हवा अशी अट घातली. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासूनच्या प्रोसेसरपासून सुरू होते. त्यामुळे २०१६ मध्ये घेतलेला, आजही व्यवस्थित चालणारा संगणक अधिकृतपणे बाद ठरतो. त्याचा एकही भाग मोडलेला नसतो.

दुसरी प्रणाली आली कुठून?

दुसऱ्या प्रणालीची कथा अमेरिकेत सुरू होते. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रणाली वापरण्याची, तिचा मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी, ही त्यामागची भूमिका होती. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या ३८६ संगणकासाठी लिहिलेल्या एका छोट्या प्रणालीची बातमी जगाला दिली. हे दोन प्रवाह मिळून जे उभे राहिले, त्याला आपण लिनक्स म्हणतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लिनक्स जन्मला तोच सामान्य विद्यार्थ्याला परवडणाऱ्या घरगुती यंत्रावर. साध्या यंत्राशी जुळवून घेणे हा त्याच्या घडणीचा भाग होता.

भारतात ही प्रणाली पसरली ती मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीमुळे. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटांच्या हिशेबाने मिळत होते तेव्हा शेकडो एमबीची प्रणाली उतरवून घेणे अशक्य होते. 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायला सुरुवात केली आणि लहान शहरांतल्या मुलांच्या हाती ती पहिल्यांदा पडली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस हे नाव ठळक होते. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियंता झालेले चिटणीस पुढे बंगळुरूत स्थायिक झाले. देशातील मुक्त प्रणालीच्या चळवळीला मेळावे भरवण्याची आणि एकमेकांना मदत करण्याची सवय लावणाऱ्यांत त्यांची गणना होते. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबई, पुणे, गोवा येथेही लिनक्स वापरणाऱ्यांचे गट तयार झाले. रविवारी आपला संगणक उचलून घेऊन यायचे, आणि जाणत्यांनी तो नव्या प्रणालीने सजवून परत द्यायचा, अशा 'इन्स्टॉल फेस्ट' तेव्हा भरत.

गोव्याच्या शाळांतले जुने संगणक

जुन्या संगणकांवर दुसरी प्रणाली बसवण्याचा आपल्या परिसरातला संघटित प्रयोग गोव्यात झाला. २००१-०२ च्या सुमारास 'गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट' उभा राहिला. परदेशातील गोमंतकीय, गोव्यातील स्वयंसेवक आणि अमेरिकेतून वापरलेले संगणक गोळा करून विकसनशील देशांतील शाळांना पाठवणारी 'वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज' ही संस्था यांची त्यात सांगड होती. तिकडच्या कार्यालयांनी बदलून टाकलेले संगणक कंटेनरमधून इकडे यायचे आणि लिनक्स बसवून शाळांना मिळायचे.

या निवडीमागे आदर्शापेक्षा हिशेब जास्त होता. दान मिळालेल्या यंत्रासोबत प्रणालीचा परवाना येतोच असे नाही. शंभर यंत्रे फुकट मिळाली तरी शंभर परवाने विकत घ्यावे लागले, तर दान महागात पडते. शाळेने बेकायदा प्रती वापरायच्या आणि त्याच शाळेत मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा, हेही बरे दिसत नाही.

अशा प्रयोगांना त्या काळात मोठा आधार मिळाला तो 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' या पद्धतीचा. खोलीत एक ताकदवान संगणक ठेवायचा आणि भोवतीच्या दहा-वीस जुन्या यंत्रांना फक्त त्याचे पडदे आणि कीबोर्ड म्हणून वापरायचे. जुन्या यंत्राला हार्ड डिस्क नसली तरी चालते, कारण प्रणाली नेटवर्कवरून येते. एका मोठ्या विहिरीवर मोटार बसवून पाटाने दहा वाफ्यांना पाणी द्यावे, तसा हा प्रकार. प्रत्येक वाफ्यात वेगळी विहीर खणायची गरज उरत नाही.

या वाटेवरचा काच कुठे होता, तेही नोंदवले पाहिजे. शाळेत यंत्र आले, चालू झाले. पण सर्व्हर बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस त्या गावात नसे. विंडोजचा जाणकार प्रत्येक नाक्यावर मिळे, लिनक्सचा शहरातून बोलवावा लागे. स्वयंसेवक पांगले की प्रयोगाचा जोर ओसरतो, हा धडा पुढे सगळीकडेच मिळाला.

वारणेकाठचा दुसरा मार्ग

साखर पट्ट्याने संगणकाशी पहिली मोठी गाठ घातली ती वारणेला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहात १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सहकारी संस्था यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी चोपन्न केंद्रांत संगणक बसवले गेले. उसाची नोंद, तोडणीचा प्रोग्राम, वजनाची पावती, खतांची उचल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा उद्देश होता. चिटबॉयच्या मागे फिरणाऱ्या आणि काट्यावरच्या आकड्यासाठी कारखान्याच्या खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याला या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

सात-आठ वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी या केंद्रांची पाहणी केली. त्यांना दिसले की संगणकांचा वापर मुख्यतः ऊस आणि खताच्या ठरावीक नोंदींपुरता होतो, आणि यंत्रांची देखभाल, वीज, बिघाड यांचा खर्च मात्र चालूच राहतो. त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले. शेतकरी केंद्रातल्या फोनवरून नोंद क्रमांक पाठवी आणि उत्तर संदेशाने येई. प्रयोग स्वस्त पडला आणि लोकांना आवडला. 'वारणा अनवायर्ड' या नावाने तो अभ्यासकांत प्रसिद्ध आहे.

म्हणजे जुन्या होत चाललेल्या संगणकापुढे दोन वाटा होत्या. गोव्याने त्याची प्रणाली बदलून पाहिली. वारणेच्या प्रयोगाने त्याचे काम फोनकडे दिले. दुसरी वाट चुकीची नव्हती. एका ओळीच्या उत्तरासाठी टेबलभर यंत्र कशाला, हे बरोबरच आहे. पण त्या वाटेने गेल्यावर काही गोष्टी मागे राहतात. फोनवर आकडा विचारता येतो. संस्थेचे इतिवृत्त लिहिणे, ताळेबंद मांडणे, शाळेच्या मुलाने पहिला प्रोग्रॅम लिहून पाहणे, दिवाळी अंकाचे पान लावणे, यांसाठी अजूनही टेबलावरचे यंत्रच लागते. गावातला संगणक गेला की गाव माहितीचे फक्त गिऱ्हाईक राहते.

याच काळातला आणखी एक प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीवरचा. २००७ मध्ये तिथल्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांना मिळाले. त्यांवर लिनक्सच्या पायावर उभा केलेला मुलांसाठीचा परिसर होता आणि त्याचे नाव होते 'शुगर'. २००९ मध्ये हाच 'शुगर' पेनड्राइव्हवर मावेल अशा रूपात निघाला. पेनड्राइव्ह जुन्या संगणकाला लावायचा, त्यावरूनच यंत्र सुरू करायचे आणि हार्ड डिस्कला हातही लावायचा नाही. साखरेच्या गावांपर्यंत ही 'शुगर' मात्र फारशी पोचली नाही.

अक्षरांचा अडसर

पोचली नाही याचे पहिले कारण भाषेत आहे. १९९० आणि २००० च्या दशकांत एखाद्या मराठी कचेरीत लिनक्स बसवला असता, तर दुसऱ्या दिवशी कारकुनाने विचारले असते, 'मराठी कुठे आहे?' आणि त्याला समाधानकारक उत्तर नव्हते.

तोपर्यंत मराठी संगणकावर नव्हती असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' म्हणून वाढले. इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरला, 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', सी-डॅकचे 'आयएसएम', 'आकृती' अशी साधने छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पोचली. दिवाळी अंकांच्या इतिहासात खिळ्यांची जुळणी संपून पेजमेकर आला तो याच साधनांच्या जोरावर.

पण ही साधने मुख्यतः डॉस आणि विंडोजसाठी होती, आणि प्रत्येकाची अक्षरे साठवण्याची रीत निराळी होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला फाँट असे. फाँट असेल तोवर 'सभासद' दिसे. फाँट नसला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. त्यामुळे प्रणाली बदलणे म्हणजे दहा वर्षांचे दप्तर वाचता न येणे. विंडोजला धरून राहण्याचे मराठी कचेऱ्यांचे खरे कारण बहुतेकदा हे होते.

या गाठीची सोडवणूक युनिकोडने केली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, मग फाँट आणि प्रणाली कुठलीही असो. देवनागरी त्यात १९९१ पासून होती. पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर पडद्यावर नीट उमटते असे नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसली पाहिजे, जोडाक्षर जुळले पाहिजे, रफार योग्य जागी चढला पाहिजे. मराठीला तर आणखी एक खास गरज होती. 'आचार्य' मधला रफार आणि 'दुसऱ्या' मधला चंद्रकोरीसारखा र, हे आपण वेगवेगळे लिहितो. हिंदीला त्याची गरज नसते. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणेही हिंदी छपाईपेक्षा वेगळी. परक्याला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टी चुकल्या, तर मराठी माणसाला पान अशुद्ध दिसते.

हे काम लिनक्सवर करणाऱ्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईत व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी २००० च्या सुमारास 'इंडलिनक्स' हा भारतीय भाषांचा प्रकल्प सुरू केला. मुंबईच्याच नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत 'इंडिक्स' हे काम झाले. रेड हॅट कंपनीने मॉड्युलर इन्फोटेककडून फाँट मिळवून ते 'लोहित' या नावाने सर्वांसाठी खुले केले आणि तिच्या पुण्यातील कार्यालयात भारतीय भाषांचे काम चालले. ज्या पुण्यातून छापखान्यांची श्रीलिपी आली, तिथूनच लिनक्सच्या देवनागरीलाही बळ मिळाले. स्वयंसेवकांनी संगणकावरच्या सूचना आणि मेन्यू मराठीत आणले. २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनच्या पायावर 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, काढली. तिच्यातही मराठी होती.

आज कुठलीही प्रमुख लिनक्स प्रणाली बसवली की मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वेगळे काही विकत न घेता मिळतो. 'दुसऱ्या' बरोबर उमटते. नव्या मजकुरापुरता अक्षरांचा अडसर संपला आहे.

शिकवणुकीचा अडसर

दुसरा अडसर हाताच्या सवयीचा. महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाला संगणक शिकवला तो मुख्यतः एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने तो तालुक्यातालुक्यांत नेला, सरकारी नोकरीसाठी तो मान्य झाला आणि लाखोंनी तो केला. खेड्यातल्या मुलीने माउस हाती घेतला तो या वर्गांत, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्या वर्गांत संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणे म्हणजे वर्ड, असेच समीकरण झाले. ट्रॅक्टर शिकणाऱ्याला एकाच कंपनीचा ट्रॅक्टर चालवायला शिकवावे आणि दुसऱ्यावर बसल्यावर तो गांगरावा, तशी गत झाली.

केरळने याच दशकात वेगळा रस्ता धरला. तिथल्या 'आयटी@स्कूल' प्रकल्पाने हळूहळू सगळे माध्यमिक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. दहावीची संगणकाची परीक्षासुद्धा लिनक्सवर होऊ लागली. तिथे यंत्रांआधी शिक्षक तयार केले गेले. शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रणाली बसवता आणि दुरुस्त करता येऊ लागली, की शहरातून माणूस बोलवण्याची गरज संपते. गोव्याच्या प्रयोगात जो दुवा कच्चा राहिला, तो केरळने आधी पक्का केला.

उलट बाजूचे उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराचे. तिथल्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले आणि दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. तांत्रिक तक्रारी होत्या, राजकारण होते, बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवघेव करताना कुरबुरी होत्या. बदल टिकायचा तर शेजारच्या टेबलाशीही जुळावे लागते, हे यातून दिसते.

भारत सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त प्रणालीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरेंचे छोटे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. इंटरनेट नसले तरी ते चालतात. म्हणजे साहित्य आहे, भाषा आहे. गावागावात वर्ग घेणारी माणसे मात्र मोजकी आहेत.

श्रीपुरात करायचे तर

इतिहासाचा उपयोग उद्याच्या कामाला व्हावा, म्हणून थोडे व्यवहाराचे. पहिले काम प्रणाली बसवण्याचे नाही, दप्तर वाचवण्याचे आहे. सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. श्रीलिपी किंवा आयएसएममधला मजकूर असेल, तर जुनी प्रणाली आणि जुने फाँट हाताशी आहेत तोवर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि छापील प्रतीशी ताडून पाहावा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यातली पाने निदान पीडीएफ करून ठेवावीत.

नंतर यंत्राची प्रकृती पाहावी. कोअर टू ड्युओ हा प्रोसेसर २००६ मध्ये आला. तो किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर यंत्र बहुधा ६४ बिटचे असते आणि आजच्या प्रणाली त्यावर बसतात. दोन जीबी रॅम असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्ससारखी हलकी प्रणाली निवडावी, चार जीबी असेल तर लिनक्स मिंट आरामात चालते. फिरती हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसवली, तर सर्वांत जास्त फरक पडतो. घड्याळ दर वेळी मागची तारीख दाखवत असेल तर गोल बॅटरी बदलावी, कारण तारीख चुकली की बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळे उघडायला नकार देतात.

पेनड्राइव्हवर प्रणाली घेऊन आधी तशीच चालवून पाहता येते. डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, मराठी उमटते का, हे पाहूनच पुढे जावे. टॅली, ठसे घेणारी यंत्रे, डिजिटल सहीचे टोकन, छापखान्याची जुनी साधने यांवर ज्याचे रोजचे काम आहे, त्याने घाई करू नये. ही साधने दुसऱ्या प्रणालीवर एक तर चालत नाहीत किंवा खटपट करून चालतात. अशा ठिकाणी दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात आणि जुनी विंडोज इंटरनेटला जोडू नये. शाळेची प्रयोगशाळा, वाचनालय, विद्यार्थ्याचे घर, जिथे लिहिणे-वाचणे आणि शिकणे हेच काम आहे, तिथून सुरुवात करावी.

आणि खोडव्यालाही मर्यादा असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एक-दोन खोडवे झाले की उतारा घटतो आणि नांगर घालावाच लागतो. लिनक्सनेही २०१३ मध्ये ३८६ प्रोसेसरला निरोप दिला, ज्या यंत्रावर त्याचा जन्म झाला त्यालाच. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट संगणकांसाठी प्रणाली बसवण्याची सोय राहिली नाही. पण नांगर कधी घालायचा ते शेत ज्याचे त्याने ठरवायचे असते. बेणे विकणाऱ्याने तारीख द्यावी आणि आपण उभे पीक मोडावे, असे उसात आपण कधी केले नाही. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत एका शिक्षकाला किंवा अकरावीतल्या दोन मुलांना पेनड्राइव्हवरून प्रणाली बसवायला शिकवले, तर संगणकाच्या बाबतीतही तो निर्णय गावात घेता येईल. त्यासाठी लागणारे यंत्र टेबलावर आहे, प्रणाली विनामूल्य आहे आणि मराठी अक्षरे जागेवर आली आहेत. उरला आहे तो एका सुट्टीच्या दिवसाचा वर्ग.